येळवशीच्या दिवशी भरलेली आमची शाळा

मांजरेच्या अलीकडची आमची पाच खेडी सरकारी दप्तरात वेगवेगळी असली, तरी एका सरकारी तहतानिया मदरशाने ती एकत्र बांधली होती. पाच गावांत मिळून एक प्राथमिक शाळा, तिला एक खोली आणि एक मास्तर. खोली मधल्या गावी, म्हणजे आमच्या गावी होती. तिच्या चार भिंती चार गावांनी लिंपायच्या आणि छप्पर पाचव्या गावाने शाकारायचे, असा ठराव होता. आपल्या गावाची भिंत शेजारच्या भिंतीपेक्षा गुळगुळीत व्हावी म्हणून बायका दसऱ्याच्या आधी शेणामातीच्या पाट्या घेऊन भांडत आल्या, म्हणजे आम्हांला शाळेचे खरे वैभव दिसे.

ही शाळा आली कशी, हे सांगण्याचा अधिकार मला आहे. तालुक्याच्या कचेरीसमोर बसून मी अर्जनवीशी करतो, त्यामुळे सगळे मला मुन्शी म्हणतात, आणि शाळा मागणारा अर्ज माझ्या हातचा होता. माझे स्वतःचे शिक्षण चौथीच्या अलीकडेच थांबले. परंतु उर्दू, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषांत हाकिमाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावील असा मजकूर रचणारा दुसरा इसम त्या कचेरीसमोर नव्हता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

ती शाळा एका साली जायला निघाली. तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याचे म्हणणे असे की, हजेरी नेमलेल्या संख्येपेक्षा कमी असल्याने मदरसा नदीपलीकडच्या मोठ्या गावी हलवावा. नदीपलीकडे शाळा जाणे म्हणजे आमच्या मुलांच्या दृष्टीने ती मुळी नसणेच होय. पावसाळ्यात मांजरा आडवी येते, आणि सहा वर्षांच्या पोराला नावेत बसवून पाठवील अशी आई मी तरी पाहिलेली नाही. मी पुन्हा अर्ज लिहिला. त्यावर हुकूम झाला की, मोहतमिमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार, बहमन महिन्यात जातीने येऊन मुले मोजतील. संख्या भरली तर मदरसा राहील, न भरली तर जाईल.

तारीख निजाम सरकारच्या फसली पंचांगाची होती. आमच्याकडे फसली महिना पटवाऱ्याला ठाऊक, आणि गावाला ठाऊक तिथी. या दोहोंची गाठ सारा भरण्याच्या वेळेखेरीज पडत नाही. तारीख जवळ आली तेव्हा उमगले की, त्याच दिवशी मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे येळवस आहे. ज्या वाचकांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, येळवशीला गावात माणूस राहत नाही. शेतात कडब्याची खोपी उभारायची, तीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीचा आणि ज्वारीच्या ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवू घालायचे. मी मोहतमिमसाहेबांच्या मुक्कामी जाऊन दिवस बदलण्याविषयी विनंती केली. उत्तर मिळाले की, दौरा मंजूर झालेला आहे आणि मंजूर झालेला दौरा बदलत नाही. मग मी गावी निरोप धाडला की, मुले दुपारपर्यंत शाळेत रोखून धरावीत.

सकाळी साहेबांच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, दुभाषा म्हणून मी शेजारी बसलो होतो. साहेब हैदराबादेकडचे, अंगाने बारीक, बोलणे मोजके. वाटेवर डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेली मडकी घेतलेल्या बायकांची रांग शेतांकडे लागलेली पाहून मी गाडीवानाला बैल जोरात हाकायला सांगितले. गावात शिरलो तर चौकात कुत्रेसुद्धा नव्हते. शाळेला कुलूप. चावडीच्या कट्ट्यावर पाय सुजलेला एक म्हातारा तेवढा उन्हाला बसला होता.

"पोरं कुठं हायत?" मी विचारले.

"शेतात."

"आणि मास्तर?"

"त्यास्नी अक्कानं नेलंय जेवायला."

"अरे, मी निरोप धाडला होता ना?"

"आला की. पण गाव म्हनलं, येळवशीला कोन साहेब येतंय? त्येबी आपल्या शेतात जेवायला गेला असंल." मग त्याने दमणीकडे नीट पाहिले. "ह्येच का त्ये? ह्यास्नी शेत न्हाई व्हय?"

साहेबांनी मला विचारले, "क्या कहता है?"

मी म्हणालो, "हुजूर, आपली वाट पाहत सगळे शेतावर जमले आहेत, असे म्हणतो."

साहेबांनी कुलूप ओढून पाहिले, खिशातून पेन्सिल काढली आणि 'मदरसा बंद' असे लिहिण्यासाठी पाकीटबुक उघडले. त्या क्षणी माझ्या अंगात जे बळ आले ते कोठून आले हे मला आजही सांगता येत नाही. मी हात जोडून म्हणालो की, हुजूर मुले मोजण्यासाठी आले आहेत, भिंती मोजण्यासाठी नव्हेत. मुले हाकेच्या अंतरावर आहेत. साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "चलिए."

पहिले शेत अक्काचे. अक्का ही आमच्या गावची विधवा बाई. नांगरापासून बाजारापर्यंत सगळे स्वतः पाहणारी, आणि पाचही गावे तिला अक्काच म्हणत. तिच्या खोपीत मास्तर पत्रावळीवर भज्जी कालवत बसले होते. साहेबांना पाहताच त्यांनी जेवत्या हाताने सलाम केला.

"मास्तर, हात खाली घ्या, साहेबाच्या कपड्याला लागंल," अक्का म्हणाली. "या साहेब, बसा."

साहेब म्हणाले, आधी मुले. अक्काने मान हलवली. "मुन्शी, सांग ह्यास्नी. आधी जेवन, मग मोजनं. येळवशीला शेतातनं उपाशी पावना जात न्हाई, गेला तर पीक रुसतंय."

साहेब बसले. भज्जीचा पहिला घास घेतला, थांबले, आणि पुन्हा घेतला. मी खात्रीने सांगतो की, हैदराबादेत त्यांना असले काही कधी मिळाले नव्हते. जेवण होईतो अक्काच्या नात्यातली मुले हात पुसून रांगेत उभी राहिली. मास्तरांनी ती पटावरची असल्याची ग्वाही दिली, आणि साहेबांनी चार रेघा ओढल्या. तेथून पुढे जे सुरू झाले तशी तपासणी अखिल संस्थानात दुसरी झाली नसावी. आम्ही बांधाबांधाने निघालो. पुढे साहेब, मागे मास्तर, मी आणि पदर खोचून अक्का. प्रत्येक शेतातून हाक येई, प्रत्येक शेतात द्रोण भरला जाई, आणि प्रत्येक शेतात दोन-तीन पोरे तोंडाला लागलेली आंबील पुशीत उभी राहून धडा म्हणत. कोठे ज्वारीवर आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' ही येळवशीची आरोळी ठोकणारे पोर तसेच धावत येऊन त्याच सुरात पाढा म्हणू लागे. साहेब एकदा हसले. मास्तरांनी माझा दंड दाबला.

एका शेतात एक मुलगा तेराच्या पाढ्यात अडकला. "तेरा साते... तेरा साते..." आणि खोपीच्या मागून बारीक आवाज आला, "एक्क्याण्णव."

"कौन बोला?" साहेबांनी विचारले.

"कुणी न्हाई साहेब," मुलाचा बाप घाईने म्हणाला, "पोरगी हाय."

पोरगी अक्काची भाची निघाली. शाळेच्या भिंतीपाशी शेळ्या राखताना तिने आतले सगळे पाठ केले होते. साहेबांनी तिला पुढे बोलावून पंधरापर्यंत पाढे म्हणवून घेतले, पण रेघ काही ओढली नाही.

शेवटचे शेत अप्पांचे. अप्पा म्हणजे आमच्याकडचे मोठे लिंगायत शेतकरी. त्यांच्या शब्दावर पाचपैकी तीन गावे चालत. तेथे बसून साहेबांनी रेघा मोजल्या. चार कमी भरल्या. येळवशीसाठी काही घरे मामाच्या गावच्या शेतात गेली होती, आणि गेलेल्या मुलांना हजर मानता येत नाही, असे साहेब म्हणाले. मास्तरांचा चेहरा उतरला. मी शब्द शोधू लागलो, आणि प्रथमच मला ते सापडेनात.

"मुन्शी," अक्का म्हणाली, "इचार साहेबाला, पोरी चालत्यात का?"

मी विचारले. साहेबांनी थोडा विचार केला. जेथे मुलींची वेगळी शाळा नाही, तेथे लहान मुली बसण्यास हरकत नाही. मात्र वडीलधाऱ्याने सर्वांदेखत नाव सांगितले पाहिजे आणि उद्यापासून मुलगी हजर दिसली पाहिजे.

अक्काने तेथल्या तेथे भाचीचे नाव सांगितले. मास्तर खाली मान घालून बोटांनी माती उकरत होते. ते हळूच म्हणाले, "हुजूर, मेरी बेटी भी लिख लीजिए." घरात मुलीला ते स्वतःच शिकवीत असत, हे मला तेव्हा प्रथम समजले.

आता दोनच उरल्या, आणि अप्पांच्या दोन नाती खोपीच्या दाराशी उभ्या होत्या. सगळ्यांनी अप्पांकडे पाहिले.

"माझ्याकडं कामून बघायलाव?" अप्पा म्हणाले. "पोरीचं नाव सरकारच्या वहीत? उद्या सरकार साराबी हिच्याकडनंच मागंल."

"माझ्याकडनं मागतंय की," अक्का म्हणाली. "देती न्हाई व्हय मी?"

"तुझं येगळं हाय, अक्का."

अप्पांनी विषय संपवला आणि आंबिलीचा द्रोण स्वतःच्या हाताने साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी द्रोणाकडे पाहिले, डोळे मिटले आणि तो दूर सारला. अप्पा चपापले. त्यांनी पुन्हा पुढे केला. साहेबांनी पुन्हा मान हलवली आणि मला उर्दूत म्हणाले, "मुन्शीजी, माफ कीजिए. सुबह से खा रहा हूँ. अब एक घूँट भी नहीं उतरेगा."

"काय म्हनलं साहेब?" अप्पांनी विचारले. त्यांचा आवाज बदलला होता.

दुभाष्याचे काम शब्दांचे असते, हे मी जाणतो. परंतु कोणता शब्द केव्हा सांगावा हेही त्याच कामात येते. मी गंभीरपणे म्हणालो, "साहेब म्हणतात, आता त्यांच्या घशाखाली एक घोटही उतरणार नाही."

अक्काला एवढे पुरेसे होते. "आइकलं का अप्पा? समद्या शेतात जेवलं मानूस, आन् पोरींच्या नावापायी तुमच्यातनं उपाशी उठायलंय. बगा आता तुमच्या शेताचं."

अप्पा उभ्या ज्वारीकडे पाहत राहिले. पांडवांपुढचा दिवा वाऱ्याने हलत होता. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि नातींची नावे सांगितली. थोरलीचे सांगितले, मग धाकटीचे, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितले, जणू ती नावे पलीकडच्या गावालाही ऐकू जावीत. साहेबांनी चार रेघा ओढल्या आणि खाली सही केली. अप्पांनी द्रोण तिसऱ्यांदा पुढे ठेवला. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी दुसरीकडे तोंड फिरवले, आणि त्यांनी तो घोटाघोटाने रिकामा केला. दमणीत बसताना त्यांना मास्तरांनी एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरले होते.

पण कागदावर नाव येणे आणि पोर शाळेत येणे यांत अंतर असते, हे अर्जनवीसाला कोणी शिकवावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरी सोडून मी सकाळीच शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मास्तर आपल्या मुलीचा हात धरून आधीच आले होते. मुलगे आले, बसले, आणि कालची भज्जी कोणाकडे चांगली होती यावर भांडू लागले. ऊन पायरीवर आले तरी दुसरी मुलगी दिसेना. मास्तर पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पाहत होते, आणि मी त्यांना धीर देत होतो, जो माझ्याजवळ नव्हता.

मग वळणावर अक्का दिसली. एका हाताला भाची, दुसऱ्या हाताला अप्पांच्या दोघी, दोघींच्या केसांना तेल चोपडलेले. मागे काठी टेकीत अप्पाही येत होते, पण दुकानाकडे निघाल्यासारखे दुसरीकडे पाहत.

अक्काने मुलींना आत ढकलले आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"अक्का, तुमी जावा आता," मास्तर म्हणाले.

"कामून? बसती की जरा. पोरींना कुनी हसलं तर बगती."

"मग तुमचंबी नाव लिहू का पटावर?"

"लिवा," अक्का म्हणाली. "एक नाव वाढंल, आन् पुढच्या वक्ताला साहेबाला एक घोट कमी प्यावा लागंल."