सावडीचे पाणी

आमच्याकडे, वडवणीच्या आसपास, गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. ती खाली सरकून बाहेर डोकावू लागली की बायका ‘अंग आलंय’ असे म्हणतात. तेही हळू, दुसरीच्या कानाजवळ. मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. शरीराचे अवयव पाठ करून घेताना मी मुलांना कधी लाजू दिले नाही. तरीही स्वतःवर वेळ आली तेव्हा यांपैकी एकही शब्द कित्येक महिने माझ्या तोंडून निघाला नाही. म्हणून ते शब्द सुरुवातीलाच लिहून ठेवते. पुढचे सांगणे त्यामुळे सोपे होईल.

वर्ष दुष्काळाचे होते. विहिरी आटल्या तशी गावातली जनावरे चारा छावणीत गेली. आमच्या दोन गाई आणि म्हैस घेऊन माझे यजमान छावणीतच राहायला गेले. मुले शिकायला परगावी होती. घरात मी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. ज्या घरात आजारी माणूस असते त्या घराला पाणी किती लागते, हे दुष्काळातच नीट कळते. आमच्या महिला दूध संस्थेच्या इमारतीशेजारी सिमेंटचा हौद होता. टँकर येऊन त्यात रिकामा होई. शाळा सुटली की मी डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी अशी खेप आणू लागे, आणि अंधार पडेपर्यंत माझ्या खेपा चालत.

आधी संध्याकाळी ओटीपोटात ओढ लागे. मग खाली काहीतरी उतरल्यासारखे, जड वाटू लागले. एक दिवस न्हाणीत बसले असताना हाताला लिंबाएवढे, मऊ असे काही लागले. पडून राहिले की ते आत जाई, हंडा उचलला की पुन्हा येई. मी घडी घातलेले फडके बांधून शाळेत जाऊ लागले. फळ्याच्या वरच्या भागात लिहायचे मी हळूहळू सोडून दिले, कारण टाचा उंचावल्या की ओढ वाढे. मागच्या बाकावरच्या मुलांनी अक्षरे दिसत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा मी त्यांनाच पुढे येऊन बसायला सांगितले.

शेवटी तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासले आणि हात पुसता पुसताच निकाल सांगितला: पिशवी काढून टाका, या वयात तिचा उपयोग काय, ठेवली तर पुढे काय होईल सांगता येत नाही. हे शेवटचे वाक्य त्यांनी तिथेच सोडले. ती रिकामी जागा मी घरी येईपर्यंत कर्करोगाने भरून टाकली होती.

खरे तर या सल्ल्यात नवे काही नव्हते. आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी ऐन तिशीत पिशवी काढून घेतलेली होती. हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या फडात दुखण्याला सुट्टी नसते, त्यामुळे दुखणारे दात काढावेत तशी पिशवी काढायची रीत पडली होती. मला तिचे काही वाटेनासे झाले होते. माझ्याच पोटावर ती येईपर्यंत मी तिच्याबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता.

यजमान छावणीतून आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी पायांना चिकटलेला वाळका चारा झटकला. मग काढायची असेल तर काढू, म्हणाले. पण ऑपरेशननंतर तीन महिने वजन उचलायचे नाही असे सांगतात. मग पाणी कोण आणणार, आईकडे कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी तो अडवण्यासाठी विचारला नव्हता. प्रश्न खराच होता.

म्हणून मी अंगणापलीकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या जावेकडे गेले. मी त्यांना आक्का म्हणे. त्यांनी वर्षानुवर्षे ऊस तोडला होता आणि त्यांची पिशवी कधीच निघालेली होती. ऑपरेशन झाले तर तेवढे दिवस माझ्या घरचे पाणी भराल का, एवढेच मला विचारायचे होते. आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, काढून ठेवली, आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

‘‘पानी भरीन की. पर एक आईक. माझी पिशवी काढून किती वर्सं झाली, तुला ठावं हाय. माजं अंग परत आलंय.’’

मला वाटले त्या दुसऱ्याच कशाबद्दल बोलत आहेत. पिशवीच नाही तर बाहेर येईल काय, मी विचारले.

‘‘त्येच तर. कुनाला सांगू? येडी म्हनतील मला. दोन वर्सं झाली, फडकं बांधून हिंडतीया.’’

म्हणजे एका अंगणाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी जावा तेच फडके बांधून वावरत होतो, एकाच हौदावरून हंडे आणत होतो, आणि एकमेकींना हंड्याला हात लावून डोक्यावर चढवतही होतो. मी विचारले, मग मी काय करू? आक्कांनी पुढचा गोळा हातात घेतला.

‘‘काढ, नायतर ठेव. पर काढली की समदं मिटलं, असं समजून काढू नगंस.’’

त्याच आठवड्यात आम्ही दोघी बीडला सरकारी दवाखान्यात गेलो. दोघी जावा एका सीटवर बसून निघालेल्या बघून गाव म्हणेल की भांडून डोकी फोडून घेतली वाटतं, असे आक्का एसटीत म्हणाल्या, आणि मी कित्येक दिवसांनी हसले.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी झोपवून, खोकायला लावून, मग उभे करून तपासले. पिशवीत कसला दोष आहे का ते सोनोग्राफी करून पाहिले, गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी केली. दोन्ही स्वच्छ निघाले. अंग बाहेर येणे म्हणजे कर्करोग नव्हे आणि ते कर्करोगात बदलतही नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. मी दोनदा विचारले होते.

मग त्यांनी ज्या रीतीने समजावले ती रीत मी पुढे अनेक बायकांसाठी उसनी घेतली. ‘‘झोळी सैल झाली की बाळाची पाठ जमिनीला टेकते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाळ उचलून घेतलं तरी झोळी सैलच राहते.’’ ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची आणि पडद्यांची अशी झोळी असते. बाळंतपणांनी, वयाने, वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ती सैल पडते. पिशवी नुसती काढून झोळी तशीच ठेवली तर योनीच्या भिंती, त्यांच्यामागे मूत्राशय, असे जे उरते ते खाली येऊ शकते. आक्कांचे तेच झाले होते. चांगल्या ऑपरेशनात पिशवी काढली तरी वरचा भाग ताणून बांधतात. कधी पिशवी ठेवूनही बांधता येते. आणि बांधूनही काही जणींचे पुन्हा उतरते, हेही त्यांनी लपवले नाही.

ऑपरेशनशिवायचा मार्गही होता. योनीत बसवायची मऊ रबरी रिंग, आणि झोळी आवळण्याचा व्यायाम. त्रास फार नसेल तर काहीच न करता लक्ष ठेवणे, हेही चुकीचे नव्हते. घाई कशाचीच नव्हती.

मी शिक्षिकेच्या सवयीने एक एक प्रश्न विचारत गेले. ऑपरेशन केले तर नंतर हंडे उचलता येतील का? आधी काही महिने अजिबात नाही, आणि पुढेही असे नाही, त्या म्हणाल्या. रिंग बसवली तर? तरीही नाही. काहीच केले नाही तर? तर मुळीच नाही.

त्या उत्तरांनी माझा प्रश्न बदलला. पिशवी काढावी की ठेवावी, हे ठरवायला मी बीडला आले होते. पण कोणतेही उत्तर निवडले तरी डोक्यावरचा हंडा खाली उतरायलाच हवा होता. तो उतरला नाही तर कोणतेही उत्तर टिकणार नव्हते.

त्या दिवशी त्यांनी मला रिंग बसवली. पहिली बसवून मला व्हरांड्यात चालायला आणि उकिडवे बसून यायला सांगितले, ती निसटली. त्याहून मोठी दिली, ती राहिली. ती काढावी कशी, धुवावी कशी, पुन्हा बसवावी कशी, हे माझ्याकडून करवून घेतले. एक मलमही दिले. आक्कांना मात्र एकही रिंग थांबेना. त्यांना बांधण्याचे ऑपरेशन लागेल, हवे तेव्हा या, असे सांगितले. आक्का खाली बघून हो म्हणाल्या. वेड लागलेले नाही एवढे कळल्यावर त्यांचे अर्धे दुखणे तिथेच उतरलेले दिसत होते.

व्यायाम सोपा होता. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, धरायचे, सोडायचे. मुलांना शुद्धलेखन सांगताना प्रत्येक वाक्यामागे मी तो करू लागले. एका वाक्याला आवळायचे, पूर्णविरामाला सोडायचे. त्या वर्षी माझ्या वर्गाचे शुद्धलेखन फार संथ चाले, आणि चुका कमी होत.

पण हंडे तसेच होते. आक्कांना भरायला सांगणे आता शक्य नव्हते. राहिली सावड. आमच्याकडे खुरपणीला बायका सावड करतात: आज चौघी मिळून माझे रान, उद्या चौघी मिळून तुझे. मजुरी नाही, पण ज्या कामाची सावड त्याच कामाने ती फेडायची, असा दंडक. खुरपणीची फेड खुरपणीनेच. पाण्याची सावड मागितली तर फेडायला मी कुणाचा हंडा उचलणार होते? न फेडता येणारी सावड मागणे मला भीक मागण्यासारखे वाटत होते. मी ते मनातच ठेवून दोन दिवस खेपा आणल्या आणि तिसऱ्या दिवशी रिंग निसटली.

दूध संस्थेच्या ओट्यावर बायकांची बैठक होती तेव्हा आक्का उठल्या. त्या बैठकीत कधी बोलत नसत. त्यांनी माझे नाव घेतले नाही, स्वतःचेच सांगितले. आणि सगळ्यांदेखत, नेहमीच्या आवाजात ‘अंग’ हा शब्द उच्चारला. मग माझ्याकडे बोट केले. ‘‘हिचंबी तेच हाय. हिला लाज वाटती, म्हनून मी सांगती.’’

मग एकीने पदर सावरत, आपल्यालाही थोडे थोडे आहे असे म्हटले. तिच्यामागे आणखी एक. संस्थेच्या अध्यक्ष मेंढपाळ घरातल्या होत्या, वयस्क, मोजके बोलणाऱ्या. आपण पाण्याची सावड करू, असे त्यांनी ठरवून टाकले. मी फेडीचा प्रश्न काढला. त्यावर त्यांनी माझ्याकडे असे बघितले, जसे मी नापास मुलाकडे बघत असे.

‘‘बाई, तुमी नंबर धरा. टँकरची वाट बघन्यात आमची दुपार जातीया. तुमी बसल्याव कुनी भांडं फुडं सरकवनार न्हाई. निम्म्या गावाच्या पाठीत तुमचा हात बसलाय.’’

सगळ्या हसल्या, मीही. दंडक त्यांनी एका वाक्यात वाकवला होता आणि कुणाला तो मोडल्यासारखा वाटला नाही.

तेव्हापासून शाळा सुटली की मी हौदाशी, दूध संस्थेच्या भिंतीच्या सावलीत बसू लागले. माझ्यासमोर गावभरच्या हंड्यांची रांग. ज्यांची भांडी असत त्या बायका रानात, छावणीत, नाहीतर घरी पाठ टेकायला जात आणि टँकरचा आवाज आला की येत. माझे हंडे पाळीने त्या नेत. आक्कांचेही. मी शाळकरी मुलांचा अभ्यास तिथेच घेई, त्यामुळे त्या रांगेला बायका ‘बाईंचा तास’ म्हणू लागल्या. भांडणे थांबली असे म्हणणार नाही, पण ती प्रमाण भाषेत होऊ लागली.

दिवाळीनंतर मी बीडला तपासणीला गेले. रिंग जागेवर होती, व्यायामाने स्नायूंत बळ आले होते, फडके कधीच सुटले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, आता ऑपरेशनचे काय? मी सांगितले, आता नको. उद्या त्रास वाढला तर येईन, आणि तेव्हा काय बांधायचे, काय काढायचे, हे विचारून येईन. त्या हसून म्हणाल्या, हेच एकमेव उत्तर असे नाही, पण तुमच्यासाठी आज हे बरोबर आहे.

माझे उत्तर सर्वांनी गिरवावे असे मलाही वाटत नाही. आक्कांचे उत्तर वेगळे होते आणि तेही बरोबर होते. पुढच्या उन्हाळ्यात, पाण्याची तीच ओढाताण असताना, त्यांनी ऑपरेशन करून घेतले. तीन महिने त्यांनी तांब्याहून जड काही उचलले नाही. दिरांना पहिल्यांदाच भाकरीचे पीठ मळता येऊ लागले, हे त्यातले अधिकचे.

हिंडू-फिरू लागल्यावर आक्कांनी हौदावरची माझी जागा मागून घेतली. शाळेच्या वेळातही टँकर येई, आणि मला सुट्टी मिळत नसे. त्या पालथ्या घातलेल्या बादलीवर, पाठ भिंतीला टेकून बसत. एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी रिकामी कळशी ठेवायला गेले आणि घाईत ती दोन हंड्यांच्या मधे सरकवून वळले. मागून आवाज आला.

‘‘ए मास्तरीन. तुजी कळशी रांगेच्या भाईर हाय. शेवटाला लाव.’’

मी कळशी उचलली आणि शेवटाला नेऊन ठेवली. ती रिकामी होती, त्यामुळे उचलायला हरकत नव्हती.