आवाज आला की हला

कपाटाचा खालचा कप्पा उघडला की एक वास येतो. वितळू लागलेल्या रबराचा, कॅनव्हासच्या पिशवीत मुरलेल्या घामाचा आणि बुरशी लागू नये म्हणून टाकलेल्या पुड्यांचा. माझा जुना कॅमेरा तिथे पडून आहे. त्याच्या मुठीवरचं रबर आता बोटांना चिकटतं आणि पाठीवरचं एक बटण रुतून बसलं आहे. तरी बंद अवस्थेतही डोळ्याला लावला, तर समोरची खिडकी, गॅलरीतली तुळस, पलीकडच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, सगळं दिसतं. आत आरसा आहे आणि आरशाला वीज लागत नाही. नवा कॅमेरा बंद असताना डोळ्याला लावला तर अंधार दिसतो. आपण जगाकडे पाहतच नसतो, जगाचं प्रक्षेपण पाहत असतो, ही गोष्ट तो बंद असताना तरी प्रामाणिकपणे कबूल करतो.

हा नवा कॅमेरा मी एम. जी. रोडवरच्या एका दुकानातून घेतला. जिल्ह्याच्या बातम्यांत तीस वर्षं काढल्यावर माणसाला विक्रेत्यांची भाषा पुढाऱ्यांच्या भाषेइतकीच ओळखीची होते. दोघंही न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात. काउंटरमागचा गृहस्थ मला सांगत होता की हा कॅमेरा माणसाचा डोळा स्वतः शोधतो, पक्ष्याचा शोधतो, कुत्र्याचाही शोधतो. मी विचारलं, काय टिपायचं हे कोण शोधतं? तो हसला आणि पुढच्या सोयीकडे वळला. माझ्या शेजारी एक जोडपं उभं होतं. त्यांना गंगापूर धरणाच्या काठावर लग्नाआधीचे फोटो काढून हवे होते आणि त्या फोटोत आपण धरणाच्या काठावर आहोत हे दिसायला नको होतं. तिथे परदेश दिसायला हवा होता. अशा गिऱ्हाइकांसाठी केलेलं यंत्र आपण विकत घेतो आहोत, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी घेतलं. जुन्याचं शटर दोनदा बदलून झालं होतं आणि दुरुस्ती करणाऱ्याने तिसऱ्या वेळी हात जोडले होते. पण हे कारण अर्धंच खरं आहे. विक्रेत्याने शेवटी एक सोय दाखवली, ती मला आवडली. मेनूच्या तिसऱ्या पानावर आवाज बंद करायचा पर्याय होता. फोटो निघायचा आणि समोरच्याला कळायचंही नाही. पत्रकाराला हे आवडणारच.

येवल्याच्या एका विणकर काकांना मी पंधरा-सोळा वर्षांपासून ओळखतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा पुरवणीसाठी पैठणीवर मजकूर हवा होता. पुरवणीला दर सणाला पैठणी हवी असते आणि पैठणी म्हणजे विणकराचे सुरकुतलेले हात, अशी त्या टेबलावर बसणाऱ्यांची पक्की समजूत असते. चेहरा चालत नाही. चेहरा काहीतरी विचारतो, हात काही विचारत नाहीत. विणकरांची खोली अंधारी होती आणि माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. काका त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि आडवा धागा नेणारा लाकडी धोटा या हातातून त्या हातात सरकवायचे. उजेड कमी म्हणून शटर हळू ठेवावं लागलं आणि पहिल्या दहा फोटोंत त्यांच्या हाताच्या जागी नुसता धूर उमटला. मग मी त्यांना सांगितलं, "काका, धोटा हातात धरून थांबा. हलू नका. खट असा आवाज आला की हला."

हा नियम मी केला होता. एका दुपारपुरता. त्यांनी तो कायमचा पाळला. नंतर मी कधीही गेलो, गळ्यातला कॅमेरा वर आला की काका धोटा धरून थांबायचे, मान किंचित खाली घालायचे, श्वास रोखायचे. आवाज झाला की श्वास सोडून पुढचा धागा टाकायचे. मोजणीच्या कामात बुडालेल्या माणसाने मध्येच कुणाला तरी दारातून आत घ्यावं आणि पुन्हा मोजायला लागावं, तसं. काकू बाजूला कांड्यांवर रंगीत रेशीम भरत बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "इतकं ऐकत्यात तुमचं. माझं एक ऐकत नाय." काका मान वर न करता म्हणायचे, "तुझा आवाज थांबतच नाय, मग हलू कधी?"

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. डोळ्यांना आता जरीची तार आणि पिवळं रेशीम वेगळं दिसत नव्हतं. मागावर आहे ती साडी शेवटची, ती उतरली की माग उकलायचा. मग ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही आमचे लय फोटो काढले. पण घरात बघितलं तर सगळे हातच हायेत. मागावर बसलेला मी एकात पण नाय. एक काढून द्या. साडी मागावर हाय तोवर."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी एसटीने गेलो. निफाड ओलांडलं की खिडकीतून कांद्याचा उग्र वास आत येतो आणि येवल्यापर्यंत सोबत करतो. गळ्यात नवा कॅमेरा होता, जुन्याच्या निम्म्या वजनाचा. प्रवासात मी त्याची मनातल्या मनात जेवढी निंदा करता येईल तेवढी केली. खेळण्यासारखा आहे. बॅटरी दुपारच्या चहापर्यंत टिकत नाही. मेनूत इतके पर्याय आहेत की सरकारी अर्ज बरा. निंदा करताना मी सुखात होतो, हेही नोंदवायला हवं.

खोलीत एक बदल झाला होता. छताला नवी पांढरी एलईडीची नळी लावली होती, काकांच्या डोळ्यांसाठी. दारात व्यापाऱ्याचा माणूस साडी न्यायला येऊन बसला होता आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. पदर पूर्ण झाला होता, मोर ताठ बसले होते. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. मी कॅमेरा उचलला. त्यातला हिरवा चौकोन काकांचा डोळा शोधू लागला. काकांची नजर सवयीने खाली, म्हणून तो डोळा त्याला सापडेना. शेवटी पदरावरच्या एका मोराच्या डोळ्यावर जाऊन तो समाधानाने स्थिरावला. मी मनात म्हटलं, यंत्राची अक्कल. चौकोन हाताने काकांच्या चेहऱ्यावर आणला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पन्नासेक फोटो घेतले असतील. काका धोटा धरून थांबलेले होते. मला वाटलं, किती छान थांबलेत.

मग मान तशीच खाली ठेवून त्यांनी विचारलं.

"भाऊ, घेताय ना?"

"घेतले की, काका. झालं."

"आवाज नाय आला."

"याला आवाज नसतो. नवीन आहे."

त्यांनी धोटा खाली ठेवला आणि मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. इतका वेळ ते श्वास रोखून पहिल्या फोटोची वाट बघत होते. व्यापाऱ्याचा माणूस उठला. काकांनी कात्री घेतली, साडी मागावरून कापून उतरवली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर काकूंनी चहा ठेवला आणि काका म्हणाले, "बघू तरी."

मी पडद्यावर फोटो मोठा केला. चेहऱ्यावर, सदऱ्यावर, पदरावर, सगळीकडे आडवे काळसर पट्टे होते. एका खाली एक, सारख्या अंतरावर. पुढच्या फोटोत तेच. पन्नासही तसेच. आवाज बंद ठेवून एलईडीच्या उजेडात फोटो घेतले की असं होऊ शकतं, हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे. मी पुस्तिका वाचली नव्हती. मी पुस्तिकेची भाषा कशी भिकार आहे यावर मित्रांना ऐकवत होतो.

काकांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. जरीची तार दिसत नसलेल्या त्या माणसाला पट्टे दिसले. उभं आयुष्य कापडातला दोष शोधण्यात गेलेलं.

"हे मी नाय विणलेलं," ते म्हणाले.

मी काहीतरी सांगू लागलो, उजेडाचं, यंत्राचं. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवाज न करता घरातून काही नेलं तर त्याला काय म्हणायचं, ते तुम्ही पेपरवाल्यांनीच लिहा." हे ते हसत म्हणाले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि आत गेल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. माग उकललेला होता. लाकडं भिंतीला टेकवून ठेवली होती आणि खड्ड्यावर फळी टाकली होती. काका त्या फळीवर बसले. मी न सांगताच त्यांनी खिशातून धोटा काढला, हातात धरला आणि मान खाली घातली. तो त्यांनी विकला नव्हता. मी मेनूचं तिसरं पान उघडून पर्याय बदलला आणि बटण दाबलं. खट झालं. जुन्याइतकं भारदस्त नव्हे, डबीचं झाकण लागावं तसं. काकांनी श्वास सोडला आणि वर पाहिलं.

"याला आवाज हाय की."

"आहे."

"मग त्या दिवशी?"

"बंद केलेला होता."

"कोणी?"

मी सांगितलं.

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. दुसरा फोटो मात्र काढू दिला नाही.

पट्ट्यांचा एक आणि फळीवरचा, असे दोन फोटो मी मोठे करून पाठवले. फळीवरचा चांगला आला आहे. त्यात एक म्हातारा गृहस्थ हातात लाकडाचा तुकडा धरून बसलेला आहे आणि का बसला आहे ते कुणाला कळणार नाही. काकूंनी भिंतीवर लावलाय तो पट्ट्यांचा. माग आणि साडी त्याच एकात आहेत, असं त्यांनी फोनवर सांगितलं. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो म्हणे, हे पट्टे कसले. काका काय उत्तर देतात, ते मी विचारलं नाही.

आज कपाट उघडलं ते जुना कॅमेरा भंगारात द्यायला. डोळ्याला लावला, बटण दाबलं. आत काहीच हललं नाही, बॅटरी कधीची मेलेली. खिडकी, तुळस, टाकी मात्र जिथल्या तिथे दिसत होती. मी तो पुन्हा पिशवीत ठेवला. नव्या कॅमेऱ्याला नावं ठेवणं त्या दिवसापासून मला जमलेलं नाही. त्याच्यात आवाज होता. तो बंद कसा करायचा, हे सांगणारं एकच पान मी त्या अख्ख्या मेनूत मन लावून वाचलं होतं.