हातावर दिलेलं मीठ

"हॅड इनफ?" म्हणजे 'पुरे झालं का?' आमच्या शेजारच्या म्हातारबाबांचं बोलणं असंच सुरू व्हायचं. पाऊस उघडला की आभाळाला विचारायचे, दाणे संपले की खारीला, चहा संपला की मला. विचारताना दोन्ही मुठी बागेच्या भिंतीवर ठेवायचे. तशा मुठी तुम्ही पाहिल्या नसतील. जुन्या आल्याचे गड्डेच.

दोन हजार सालानंतर आम्ही इंग्लंडात ब्रिस्टलला घर घेतलं. मला वाटलं, हे निवृत्त गवंडी असतील. निघाले ग्लोव्हजशिवाय, उघड्या मुठींनी बॉक्सिंग करणारे चॅम्पियन! लढती शेतात व्हायच्या. घंटा नाही, फेऱ्या नाहीत. पडलेल्याला विचारायचं, "हॅड इनफ?" तो "इनफ" म्हणाला की संपलं. बाबांनी तो शब्द जन्मात उच्चारला नव्हता.

कातडी टणक राहावी म्हणून ते अजूनही रोज मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसत. मीठ संपलं की आमच्याकडे येत. माझी बायको सुलभा वाटी भिंतीवर ठेवायची.

"हातात का देत नाहीस, लव्ह?" इथले म्हातारे कुणालाही लव्ह म्हणतात.

"आमच्यात मीठ हातावर देत नाहीत. भांडण होतं."

मी हसलो. ते हसले नाहीत. "कोणाशी?" एवढंच त्यांनी विचारलं.

मग एकदा त्यांनी सांगून टाकलं. शेवटच्या लढतीत समोरचा पडला. यांनी विचारलं. तो बघत राहिला आणि उत्तर न देताच मेला. "म्हणजे लढत चालूच आहे ना? रोज संध्याकाळी येतो. माझ्या बागेतल्या त्या शेडपाशी उभा राहतो. मारत नाही, जातही नाही. मरायच्या आधी मला ती संपवायचीय."

मी पाहिलं. शेडपाशी कोणी नव्हतं. मात्र भिजलेल्या गवतात एका माणसापुरती जागा कोरडी होती.

एका दुपारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. तळहात पुढे केला. "आज हातात दे, लव्ह."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मग चिमूटभर मीठ त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली आणि "थँक यू" म्हणाले.

दिवेलागणीला भिंतीपलीकडून एक तरणा, अनोळखी आवाज आला. "हॅड इनफ?"

मग बाबांचा आवाज, अगदी शांत. "इनफ."

आम्ही धावलो. ते गवतावर बसल्या बसल्याच गेले होते. चेहऱ्यावर ओरखडा नव्हता, मुठी मात्र सोललेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. सुलभा खूप रडली, मीही.

घर अजून रिकामंच आहे. पाऊस पडून गेला की मी भिंतीवरून डोकावतो. शेडपाशी आता दोन माणसांना शेजारी शेजारी उभं राहता येईल, एवढी जागा कोरडी असते.