माझ्या गुडघ्यावर बांधलेले फेटे

बापूकाका फेटेवाले. शेवगावच्या बाजारात त्यांची टपरी होती. आधी त्यांचं नाव लिहिते, मग बाकीचं. ते नसते तर मी आज सुरतेत बसून हे लिहायला उरलेच नसते.

माझी शाळा सातवीत सुटली, मग लग्न. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. घोडेगावच्या बाजारातून जनावरं घेऊन येताना टेम्पो उलटला. सासरच्यांनी दार लावून घेतलं. बाजारात काकांच्या टपरीपुढं येऊन बसले, तर त्यांनी विचारलं नाही, कोण, कुठली. म्हणाले, "हात रिकामं हायेत न्हवं? मंग बस."

तयार फेटा डोक्यावर बांधत नाहीत, गुडघ्यावर बांधतात. पुढाऱ्यांना डोकं धरून बसायला वेळ नसतो. मी स्टुलावर बसायची, पाय दुमडून गुडघ्यावर कापड पिळत घेर द्यायची, वर तुरा काढायची. काका तो नेऊन डोक्यावर ठेवायचे, एवढंच. मला हसवायला म्हणायचे, "अक्कल गुडघ्यात असती म्हंत्यात. पुढाऱ्याचं तर आख्खं डोकंच तुज्या गुडघ्याएवढं हाय, बग."

आमच्या भागाचे पुढारी म्हणजे साहेब, त्यांचा फेटा आमच्याकडचाच. जिल्हा परिषदेत निवडून आले, तेव्हा मी बांधला. आमदार झाले, मी बांधला. खासदार झाले, तेव्हाही मीच. दिल्लीत शपथ घेताना टीव्हीवर दिसले तर डोक्यावर भगवा फेटा, तुरा जरासा डावीकडं कललेला. माझ्या हाताची खोड आहे ती. टपरीत बसून रडले मी. वाटलं, माझाच माणूस मोठा झाला. साहेब प्रत्येक भाषणात म्हणायचे, "घरातली रीत टिकली, तर देश टिकेल." मी टाळ्या वाजवायची. रीत म्हणजे नेमकं काय, ते मला कुठं माहीत होतं.

मंत्री होऊन ते पहिल्यांदा शेवगावात येणार होते. आदल्या दिवशी त्यांचे पीए सांगून गेले, तयार फेटा चालणार नाही, स्टेजवर कॅमेऱ्यासमोर बांधायचा. काकांचा उजवा हात त्या साली लुळा पडलेला. "तूच बांध," म्हणाले. "मी निस्तं टोक धरतो."

मी स्टेजवर गेले. काकांनी टोक धरलं. पहिला घेर द्यायला मी हात पुढं केले, आणि साहेबांनी मान मागं घेतली. शेजारच्या माणसानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. साहेबांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. मग गळ्याकडं. चेहऱ्यावरचं हसू कॅमेऱ्यासाठी तसंच. ओठ जेमतेम हलवून म्हणाले,

"बाई, तुम्ही नको. आज शुभ दिवस आहे. एखादी सवाष्ण बोलवा."

त्यांच्या मागं भला मोठा बॅनर होता. त्यावर आयाबहिणींच्या सन्मानाची ओळ.

माझे हात हवेतच राहिले. खाली हजार माणसं. शेजारच्या माणसानं खूण केली तशी एक बाई हातातलं ओवाळणीचं ताट खाली ठेवून स्टेजच्या जिन्याकडं निघालीसुद्धा. काका कापडाचं टोक घट्ट धरून उभे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते टोक सोडलं नाही. तेवढं पुरलं मला.

माईक हाताशीच होता. मी बोलले.

"साहेब, झेडपीपास्नं दिल्लीपत्तूर तुमी घातलेला परत्येक फेटा माज्या गुडघ्यावर बांधलेला हाय. रांडमुंड बाईच्या गुडघ्यावर. तवा न्हाई काय अशुभ झालं?"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, तरीच एवढं वर गेलं की रं!" लोक हसले.

साहेबही हसत होते. मघाशी होतं तेच हसू, तेवढंच. मला त्याचीच भीती वाटली.

मी कापड गोळा केलं, काखेत घेतलं, खाली उतरले. जिन्याच्या तळाशी पीए उभे होते. अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, नाक्यामागच्या खोलीत एकट्याच राहता ना तुम्ही? काळजी घ्या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खोलीसमोर एक मोटरसायकल उभी. दोन माणसं. दाराकडं बघत बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशी बाजारातली एकच टपरी अतिक्रमण निघाली, काकांची. जेसीबी चालत होता आणि काका मला एसटीत बसवत होते. म्हणाले, "सुरतंला माजी मावसभन हाय, ती बगंल तुला. फुडं कुटं ऱ्हाशील ते मातर मला कळवू नगं. म्हंजी कुनी इचारलं तर म्या खोटं बोलायचा परसंग यायचा न्हाई."

इथं मी साड्यांच्या घड्या घालते. कुणी मराठीत "कुठलं गाव?" विचारलं की मी भलतंच गाव सांगते. अजून सांगते. साहेबांना परवा आणखी मोठं खातं मिळालं. टीव्हीवर बघितलं, फेटा होता. तुरा सरळ होता. आता कुणाच्या गुडघ्यावर बांधला जातो, त्यांनी विचारलं नसणार.

ते अजून वर जातील. माझी भीतीही जाणार नाही बहुतेक. तिला बरोबर घेऊनच शेवगावला यायचं ठरवलंय. त्या दिवसाचं कापड मी अजून वापरलेलं नाही.

काका एकदा म्हणाले होते, "आपल्या धंद्यातला मानूस उघड्या डोक्यानंच मरतो. त्याला कोन बांधनार?"

काका, मी बांधणार. शेवगावात, बाजाराच्या दिवशी, तुमची टपरी होती त्याच जागेवर. गुडघ्यावर नाही, तुमच्या डोक्यावर. माझ्या ह्याच हातांनी, सगळ्यांच्या देखत. तोवर मरायचं न्हाई.