सीडीवर नसलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि त्यावाचून माझं काही अडलं, असंही नाही. मजेत आहे मी. शांती नगरात चष्म्याचं दुकान आहे. रविवारी दुपारी जुने मेटलकोरचे — म्हणजे आरडाओरडीच्या रॉकचे — अल्बम लावतो आणि खूश होतो.

काय दिवस होते ते! काळे टी-शर्ट, डोळ्यांवर येणारे केस, आणि प्रत्येक बँडमध्ये एक गोड गाणारा, एक किंचाळणारा. आमच्या बँडमध्ये किंचाळणारा मी. गिटारवर मेल्विन — उत्तनचा. त्यांच्याच घरी आमची प्रॅक्टिस चालायची. मागे बोंबील वाळत असायचे, पुढे आमचा गोंगाट. त्याची आई एकदाही रागावली नाही. धाकटी बहीण लविना दारात बसून सगळं ऐकायची.

रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा घसा बसला. साफ. भाईंदरचा स्टुडिओ त्या एकाच दिवसासाठी मिळालेला. गरम पाणी, मध, सगळं झालं — आवाज नाहीच. तेव्हा सोबत आलेली लविना म्हणाली, “मी बघू का?”

आम्ही हसलो. मग ती माइकसमोर उभी राहिली — आणि मेल्विनचे हात तारांवरच थांबले. तो आवाज कुठून आला त्या सडपातळ पोरीतून? मला कधीच तसा जमला नव्हता. पाचही गाणी तिने एका दुपारीत संपवली.

परत जाताना तिने विचारलं, “सीडीवर माझं नाव येल ना?”

“म्हणजे काय!” मी म्हणालो.

सीडीचं कव्हर बनवायचं काम माझ्याकडे होतं. त्या रात्री मी कॉम्प्युटरवर तिचं नाव टाइप केलं, बराच वेळ पाहत बसलो — आणि पुसलं. तिथे माझं टाकलं. का? ती मुलगी म्हणून? नाही. ती माझ्यापेक्षा चांगली होती म्हणून. एवढंच.

सीड्या आल्यावर मी सांगितलं, छापणाऱ्याने घोळ घातला. मेल्विन चिडला. लविना म्हणाली, “असू दे रे. चूक कोनाची न्हाय होत?”

स्टेजवर मी तिची नक्कल करायचो. लोक म्हणायचे, साउंड सिस्टिम बेकार होती. पुढे बँड मोडला, मेल्विन दुबईला गेला, सगळं विसरलं गेलं — असं मला वाटत होतं. मागच्या महिन्यात कुणीतरी ती गाणी नेटवर टाकली. खाली भराभर लिहिलेलं — हा आवाज कोणाचा, माणूस आहे की वादळ! माझ्या मुलीने वाचून दाखवलं. “बाबा, हे तुम्ही?”

हो म्हणालो. वीस वर्षांनी, पुन्हा. तिने मला मिठी मारली, आणि — लपवू कशाला — मला बरं वाटलं.

गेल्या रविवारी मेल्विनच्या मुलाच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचं जेवण होतं, उत्तनला; त्यासाठी तो दुबईहून आलेला. लविना आता तिथल्याच शाळेत शिकवते. पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसली.

“गाणी आयकली मी,” ती म्हणाली. “अजून भारी वाजतान, न्हाय?”

तिने माझ्याकडे पाहिलं. पंगतीच्या गोंगाटात आम्हा दोघांशिवाय ऐकणारं कुणी नव्हतं.

“हो, भारी,” मी म्हणालो.

मग तिने माझ्या ताटात पापलेटचा मोठा तुकडा वाढला, आणि मी तो चवीने खाल्ला.