धुळ्याचे दिवे

नव्वदच्या आसपास मला संध्याकाळच्या फोटोंचं वेड होतं. डोंगर काळे पडलेले, आकाशात थोडा उजेड उरलेला आणि खाली धुळ्याचे दिवे लागलेले, असा एक फोटो मला हवा होता. पण नेमकी त्याच वेळी अर्ध्या शहराची लाईट जायची. माझा एक मित्र वीज उपकेंद्रात ऑपरेटर होता. मी त्याला म्हटलं, "आज अर्धा तास थांबव."

"सूर्यालाही थांबवून ठेवू का?" तो हसला. "शहर चालू ठेवलं तर दुसरीकडे बंद करावी लागेल."

"कर कुठेही," मी म्हणालो.

डोंगरावरून फोटो मनासारखा मिळाला. सायकल मी पलीकडच्या पायथ्याला एका मळ्यात ठेवली होती. उतरून आलो तर तिथे अंधार. विहिरीवरची मोटर बंद पडली होती आणि मळ्याचे म्हातारे मालक कांद्याच्या वाफ्याशी खाटेवर बसले होते. दिवसभर वाट पाहून त्यांना नुकतीच लाईट मिळाली होती, आणि अर्धेच वाफे भिजल्यावर ती गेली होती.

"अर्धा कांदा ऱ्हायना," ते चिडून म्हणाले. "धुयामा लाईट शे का, भाऊ?"

डोंगराआडून त्यांना धुळं दिसत नव्हतं. मी म्हणालो, "तिकडेही गेलीय, आबा."

"मंग बठ्ठासले सारखंच शे," ते म्हणाले. सगळ्यांचीच गेली म्हटल्यावर त्यांचा राग ओसरला. त्यांनी खाटेवर सरकून मला जागा करून दिली, आणि मी बसलोही.

तो फोटो चांगलाच आला. त्या मळ्याकडे मात्र मी पुन्हा कधी गेलो नाही.