पडद्यावर नीलव्वाचा आवाज

गदगच्या टॉकीजमध्ये नीलव्वाचा पहिला सिनेमा लागला, तेव्हा अख्खी नाटक कंपनी दुपारच्या खेळाला जाऊन बसली. मधोमध नीलव्वा आणि तिच्या शेजारी थोरला भाऊ कल्लप्पा. कल्लप्पा कंपनीत पेटी वाजवायचा. चाळिशीत त्याची नजर गेली, पण बोटं शाबूत होती. आठ वर्षांच्या नीलव्वाला स्टेजवर उभं केलं होतं त्यानेच. तिच्या आवाजाची पट्टी त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

सिनेमा अर्धा झाला तसा तो तिच्याकडे झुकला. "नीलव्वा, तू कधी येतेस गं?"

"येऊन गेले, अण्णा. तीनदा."

"मग बोललं कोण?"

बोलली होती बंगळुरातली कोणी दुसरीच. नायकाची भाषा म्हैसूरकडची आणि त्याच्या आईची, म्हणजे नीलव्वाची, उत्तर कर्नाटकातली, हे कसं चालणार, म्हणून नीलव्वाला न विचारताच तिचा आवाज बदलला होता.

बाहेर मिरची भजी खाताना कंपनीचा विनोदी नट सिद्राम म्हणाला, "अव्वा, माहेर म्हैसूरला कधी नेलंत? आम्हाला कळवलंसुद्धा नाही!"

सगळे हसले, नीलव्वाही हसली. कल्लप्पा तेवढा हसला नाही. "दोन तास बसलो, आणि बहीण आलीच नाही," म्हणाला.

त्यानंतर सिनेमावाले आले की नीलव्वा एकच अट घालायची: आवाज माझाच राहील. कोणी हसायचं, कोणी 'कळवतो' म्हणायचं. अशी अकरा वर्षं गेली. ती जत्राजत्रांतून सासू झाली, राणी झाली. बनशंकरीच्या जत्रेत पत्र्याच्या थिएटरात तिचं पुटपुटणंही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. सिनेमाच्या पोस्टरसमोरून जाताना मात्र तिची चाल मंदावायची. कल्लप्पाला ते पावलांवरून कळायचं, आणि तोही हळू चालायचा.

त्याच जत्रेत एकदा रेवणसिद्ध नावाचा तरुण दिग्दर्शक नाटक संपल्यावर आत आला. "अव्वा, मला तुमचं बोलणंच हवंय. चेहरा कोणाचाही चालला असता."

"वा रे! तोंडावर सांगतोस होय?" नीलव्वा म्हणाली, पण अट घालायची वेळच आली नाही.

चित्रीकरण सुरळीत झालं. अडलं ते बंगळुरात, आवाज भरताना. प्रसंग साधा होता: मुलगा गाव सोडून निघालाय आणि आई त्याला भाकरी खाऊन जा म्हणते. नीलव्वा बोलली, तर आवाज भरणाऱ्याने कानांवरची यंत्रं झटकन काढली.

"अव्वा, हळू. मुलगा समोर बसलाय, जत्रेत हरवलेला नाही."

ती हळू बोलली, तर बोलण्यातला जीवच गेला. सहाव्यांदाही तसंच झालं, आणि काचेपलीकडून निर्मात्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं, "दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

अकरा वर्षांनी आता हा आवाजही गेला, तर अण्णाला काय सांगायचं? कल्लप्पा बाहेर बाकावर बसला होता. तिने दार उघडलं. "माझ्या अण्णाला आत बसवा."

त्याला तिच्यापासून हातभर अंतरावर बसवलं. "कुठली पट्टी?" त्याने सवयीने विचारलं.

"घरातली, अण्णा."

"मग घरातल्यासारखं बोल की. मी आंधळा आहे, बहिरा नाही."

एक डोळा पडद्यावरच्या ओठांवर ठेवून नीलव्वा भावाशी बोलली. दुसऱ्या खेपेला काचेपलीकडे रेवणसिद्धने 'जमलं' म्हणून हात वर केला.

सिनेमा गदगला लागला तो त्याच टॉकीजमध्ये. सुरुवातीला पडद्यावर नीलव्वाची पाठच दिसत होती. मग चुलीपुढून मान वळवून ती म्हणाली, "भाकरी खाऊन जा रे."

कल्लप्पा ताठ बसला. "आलीस," म्हणाला.

बाहेर सिद्रामने गिरमिटाचा, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांचा, पुडा हातात दिला तेव्हा कल्लप्पा बहिणीला म्हणाला, "दारातल्या प्रसंगात श्वास चुकलाय तुझा. नाटक असतं तर उद्या सुधारला असतास."

"आता नाही सुधारता येत, अण्णा."

"उद्या परत येऊ. नक्की कुठे चुकला, ऐकायला हवं."

"उद्याही तिथेच चुकणार!"

"चुकू दे," कल्लप्पा म्हणाला. "दुपारचाच खेळ बघू."